जुना फ्लॅट घेता-विकताना: नाव कुणाचं, घर कुणाचं

मी वकील नाही, हे आधीच सांगते. बँकेच्या गृहकर्ज विभागात बावीस वर्षं काढली आणि २०१८ला निवृत्त झाले. आता नात्यातलं, सोसायटीतलं कुणी घर घ्यायला किंवा विकायला निघालं की फोन येतो, "काकू, जरा कागद बघता का?" मग मंडळी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये झेरॉक्स घेऊन येतात, मी चहा टाकते, आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच ते निघतात. तेच इथे लिहून काढतेय. पुण्यातला, सोसायटीतला, जुना फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवलाय. प्लॉट आणि शेतजमीन यांचा संसार वेगळा, त्यात मी पडत नाही.

"शेअर सर्टिफिकेटवर त्यांचंच नाव आहे, मग झालं की?"

नाही झालं. शेअर सर्टिफिकेट हा सोसायटीने सभासदाला दिलेला भागाचा दाखला, घराच्या मालकीचा नव्हे. एवढी वर्षं हेच काम करूनही आमच्याच घरात आम्ही इथे आपटलो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

सासूबाईंच्या नावे एक टू-बीएचके होता, १९८८मध्ये थेट बिल्डरकडून घेतलेला. मामंजी बरेच आधी गेले. धाकटे दीर २०१७ला गेले आणि सासूबाई २०१९ला. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मवर आमच्या ह्यांचं नाव. ह्यांनी अर्ज दिला, सोसायटीने सर्टिफिकेटच्या मागच्या रकान्यात नाव चढवलं, सेक्रेटरींची सही, गोल शिक्का, सगळं साग्रसंगीत. २०२१मध्ये एक जोडपं घर बघून गेलं, त्यांना आवडलं, आम्ही एक लाख विसार घेतला. पंधरा दिवसांनी त्यांच्या वकीलबाईंचा फोन आला: "सर्टिफिकेट बघितलं. पण वारस किती आहेत तुमच्याकडे?"

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. दुसऱ्याच्या फायलीत हा प्रश्न मी पेनाने लिहून पाठवला असता. घरच्या फायलीत विचारायचं सुचलंच नाही.

नॉमिनी हा मालक नसतो, राखणदार असतो. सभासद गेल्यावर सोसायटीने कुणाशी बोलायचं, मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावे काढायचं, एवढ्यापुरतं ते नाव. सहकारी संस्था कायद्यात २०१९ला गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळं प्रकरण घातलं, त्यात तर स्वच्छ लिहिलंय की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. मालकी ठरते ती मृत्युपत्रावरून, आणि ते नसेल तर वारसा कायद्यावरून.

आमच्याकडे लागू झाला १९५६चा हिंदू वारसा कायदा. बाईच्या नावची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पहिल्या फळीत येतात तिचे मुलगे, मुली, आधी वारलेल्या मुलाची वा मुलीची मुलं, आणि नवरा. यातली बारीक खोच बघा. आधी वारलेल्या मुलाची बायको या यादीत नाही. हीच मिळकत पुरुषाच्या नावे असती तर विधवा सुनेलाही वाटा असतो. म्हणजे आमच्या जाऊबाईंना स्वतःला काही नाही, पण त्यांच्या मुलाला अख्खा एक तृतीयांश. एक तृतीयांश ह्यांचा आणि एक वन्संचा. ज्या घरावर सर्टिफिकेटने ह्यांचं एकट्याचं नाव दाखवलं होतं, त्याचे मालक तिघं निघाले.

त्यातून पुतण्या पंधरा वर्षांचा. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत त्याची आईसुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, कलम ८). कुणी विकलीच, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो पोरगा दावा लावून व्यवहार रद्द करून मागू शकतो. घेणाऱ्याच्या डोक्यावर इतकी वर्षं ही तलवार कोण टांगून घेईल? त्या जोडप्याने विसार परत मागितला, आम्ही दिला. मग शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात अर्ज, कागद, तारखा. दहा महिन्यांनी परवानगी मिळाली, अशी अट घालून की पुतण्याच्या वाट्याची रक्कम तो अठराचा होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत राहील.

वन्संचं वेगळंच. त्या इंदूरला असतात, घरचं उत्तम आहे, त्यामुळे त्या हक्कसोडपत्र करून देतील असं सगळ्यांनी मनात धरलेलं. त्यांना कुणी विचारलं मात्र नव्हतं. मी फोन केला तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, मी येते. सही खरेदीखतावर करीन, हक्कसोडपत्रावर नाही." आल्या, अंगठा दिला, त्यांचा वाटा थेट त्यांच्या खात्यात गेला. घरात दोन दिवस तोंडं फुगली. मला विचाराल तर त्यांनी योग्य केलं.

तर विकणाऱ्याने काय करायचं? घर आई-वडिलांच्या नावे असेल आणि ते गेले असतील, तर एजंटला फोन करण्याआधी वारसांची यादी करा. मयत मुलगा, मयत मुलगी, त्यांची मुलं, लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणी, सगळे. नुसत्या यादीवर घेणाऱ्याचा वकील समाधानी नसेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढावा लागतो. तो १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, इंग्रज जाऊनही तो कायदा मात्र नांदतोय. पेन्शनसाठी तहसीलदार कचेरीतून काढलेला दाखला इथे पुरत नाही. कुणी वाटा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. भावंडांमधलं, मोबदला न घेता केलेलं असेल तर मुद्रांक नाममात्र पडतो, त्यामुळे नोटरीकडे जाऊन काटकसर करण्यात काही अर्थ नाही. घेणाऱ्याने एकच धरून बसायचं: जितके वारस, तितके 'लिहून देणार'.

साखळी कशी तपासायची

माझी पद्धत घरगुती आहे. जुन्या कॅलेंडरचं पान फाडायचं, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने वरून खाली लिहीत यायचं. बिल्डरकडून पहिल्याने कधी घेतलं, दस्त क्रमांक काय, त्याने कुणाला दिलं, त्याचा दस्त क्रमांक काय, असं करत आज विकणाऱ्यापर्यंत. जिथे पेन्सिल अडते तिथे प्रश्न आहे.

प्रत्येक कडीला तीन गोष्टी लागतात. नोंदणी झालेला दस्त, त्यावर पुरेसा मुद्रांक, आणि सूची क्रमांक २, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो, नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा देणारा कागद. कडी मृत्यूमुळे जोडली गेली असेल तर वारसाहक्काचे कागद. नाव बदललं असेल तर विवाहाचा दाखला किंवा राजपत्र. (मीनाक्षी आणि मिनाक्षी या दोघी एकच, हे प्रतिज्ञापत्रावर सांगण्यात मी आयुष्यातले किती तास घालवले, देव जाणे.)

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची फुकट सोय आहे. मुंबईचे १९८५पासूनचे आणि बाकी महाराष्ट्राचे २००२पासूनचे दस्त तिथे बघता येतात. विकणाऱ्याने दाखवलेला इंडेक्स टू आणि तिथे दिसणारा इंडेक्स टू ताडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. त्याआधीचं वकिलाकडून कार्यालयात बसूनच काढावं लागतं. बँका साधारण तीस वर्षांचा सर्च मागतात. वकील तुमचा स्वतःचा असू द्या. एजंटने 'आपलेच आहेत' म्हणून दिलेला नको.

साखळी तुटायच्या जागा ठरलेल्या. एखादा मधला मूळ करारनामा हरवलेला असतो. मग पोलिसांत हरवल्याची नोंद, वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल. हरवला म्हणतात तो कागद कुणाकडे गहाण तर पडलेला नाही ना, ही शंका मनात ठेवूनच ती नोटीस द्यायची असते. दुसरी जागा म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातले नोंदणीच न केलेले करारनामे. नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावराचं हस्तांतर नोंदवणं सक्तीचं आहे, आणि न नोंदवलेला दस्त मालकीचा पुरावा म्हणून चालत नाही. अशा वेळी आधीच्या देणाऱ्या-घेणाऱ्यांकडून पुष्टीपत्र करून त्याची नोंदणी करून घेतात. ते हयात आणि सापडणारे हवेत, हीच खरी अडचण. तिसरी जागा म्हणजे कमी मुद्रांक. २०२३च्या डिसेंबरात सरकारने अभय योजना काढली होती, पुष्कळांनी तेव्हा जुने दस्त सरळ करून घेतले. ती मुदत संपली. आता कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढतो. तो कुणी भरायचा, हे किंमत ठरवतानाच बोला.

साखळी जुळली तरी विसार आणि करारनामा यांच्या मध्ये एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस द्या, चौदा दिवसांची. कुणी हरकत घेतली तर ती आत्ता घेतलेली बरी.

विसार देताना काय लिहून घ्यायचं

"शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलंय" हे वाक्य मी इतकं ऐकलंय! ऑक्टोबर २०२४पासून तो शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला, पण लोकांचा त्यावरचा विश्वास मात्र जुनाच. स्टॅम्प कितीचा यापेक्षा आत काय लिहिलंय ते महत्त्वाचं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी साधारण असा मजकूर देते:

"सदर सदनिकेचे मालक म्हणून आम्ही, खाली सह्या करणारे, एवढेच असून अन्य कोणी वारस वा हिस्सेदार नाही. सदनिकेवर अमुक बँकेच्या कर्जाव्यतिरिक्त कोणताही बोजा नाही. ठरलेली किंमत रुपये इतके, पैकी विसार रुपये इतके आज आरटीजीएसने मिळाले. अमुक तारखेपर्यंत साठेखत नोंदवायचे आहे. मालकी हक्कात दोष आढळल्यास, अथवा मालकी हक्कातील त्रुटीमुळे घेणाऱ्याचे कर्ज नामंजूर झाल्यास, विसाराची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करण्यात येईल."

शेवटचं वाक्य नसलेली विसार पावती घेऊन कुणी आलं की मी आधी कपाळावर हात मारते. घेणाऱ्याचा नुसता विचार बदलला तर विसारातून किती कापायचं, हेही आकड्यात लिहा. दोन्ही बाजूंची तोंडं तिथेच बंद होतात.

विसार रोखीने अजिबात नको. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्याप्रमाणे ती रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पाच लाख रोख घेतले, तर दंडही पाच लाख. 'थोडे ब्लॅक, थोडे व्हाइट' म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते. नैतिकतेपेक्षा तो लवकर समजतो.

साठेखत की खरेदीखत, आणि मुद्रांक किती

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. महाराष्ट्रात गंमत अशी की साठेखतात ताबा दिला किंवा द्यायचं कबूल केलं, तर मुद्रांक पूर्ण तिथेच लागतो. मग त्याच व्यवहाराच्या खरेदीखतावर फक्त नाममात्र मुद्रांक. कर्ज काढायचं असेल तर बँकेला नोंदवलेलं साठेखत लागतं, म्हणून बहुतेक व्यवहार दोन पायऱ्यांनी होतात. पैसे तयार असतील तर थेट खरेदीखत करा, एक फेरी वाचते.

मुद्रांक ठरतो ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. पुणे शहरात ५ टक्के मूळ, १ टक्का स्थानिक संस्थेचा, १ टक्का मेट्रोचा, असे ७ टक्के. खरेदीदार फक्त महिला असतील तर १ टक्का कमी. 'फक्त' हा शब्द अधोरेखित करा. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. ८० लाखांचा फ्लॅट धरला तर बाईच्या एकटीच्या नावे ४ लाख ८० हजार आणि दोघांच्या नावे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. सवलत घेऊन घर बाईच्या नावे केलं तर ते खरंच तिचं होतं, हेही नवरोबांनी ध्यानात ठेवावं. पूर्वी अशी सवलत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ला काढली.

किंमत रेडी रेकनरपेक्षा फार खाली दाखवू नका. फरक १० टक्क्यांच्या वर गेला की देणारा आणि घेणारा, दोघांनाही आयकराची फोडणी बसते.

मुद्रांक ई-चलनाने भरायचा, सही होण्याआधी किंवा त्याच दिवशी. उशिरात उशिरा लगेचच्या कामकाजाच्या दिवशी. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. पुढचे चार महिने दंड भरून जमतं, त्यानंतर नाही. माझ्याकडे एका घरची मंडळी नवव्या महिन्यात आली होती, 'मुहूर्त नव्हता' म्हणून. त्यांना नवा दस्त करावा लागला.

टीडीएस आणि भांडवली नफा

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरायचा, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत. दोन घेणारे आणि तीन विकणारे असतील तर जोडीजोडीने वेगवेगळे फॉर्म, म्हणजे सहा. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का हे विसाराच्या आधी बघा. ते निष्क्रिय असेल तर १ च्या जागी २० टक्के कापण्याची पाळी येते आणि न कापल्यास नोटीस तुम्हाला येते, त्यांना नाही.

विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा १ टक्क्याचा नियमच लागू नाही. दर बराच मोठा असतो, पन्नास लाखांची मर्यादाही नसते. पुण्यात निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत, त्यामुळे हे वारंवार येतं. तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नका.

विकणाऱ्याचा नफा मोजताना वारसाने मिळालेल्या घराची किंमत 'शून्य' धरत नाहीत. ज्याने ते मुळात घेतलं त्याची किंमत धरतात, आणि १ एप्रिल २००१च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. आम्ही नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून २००१चा दाखला घेतला, त्याने कराचा आकडा बराच उतरला. घर दोन वर्षांहून जास्त काळचं असेल तर आता कर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घराला, विकणारी व्यक्ती निवासी असेल तर, जुन्या पद्धतीने महागाई निर्देशांक लावून २० टक्के काढायचे आणि जे कमी भरेल ते भरायचं. दुसरं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं, वा तीन वर्षांत बांधलं, तर त्या नफ्यावर सूट आहे.

घरावर कर्ज असेल तर

लोक उगाच घाबरतात. कर्ज असलेलं घर उलट एका अर्थी बरं, कारण त्याचे मूळ कागद कुठे आहेत ते नक्की माहीत असतं. विकणाऱ्याने आपल्या बँकेकडून दोन कागद आणायचे: बाकीचा आकडा सांगणारं फोरक्लोजर लेटर, आणि बँकेच्या तिजोरीत असलेल्या कागदांची यादी. ती यादी तुमच्या कॅलेंडरच्या पानाशी ताडून बघा. घेणाऱ्याची बँक पहिला धनादेश थेट विकणाऱ्याच्या कर्जखात्याच्या नावे काढते आणि उरलेली रक्कम विकणाऱ्याला. "आधी मला द्या, मी कर्ज फेडून कागद आणतो" याला कधीही हो म्हणू नका, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना.

कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३पासून आहे. आमच्या काळी असता तर आमच्या काही साहेबांची झोप उडाली असती.

सोसायटी एनओसी अडवते, पैसे मागते

आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) लागत नाही. तरी घेणाऱ्याची बँक ती मागते, म्हणून मिळवावी लागते, आणि हे कमिटीला पक्कं माहीत असतं. महापालिका हद्दीत हस्तांतराचं अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, २००१पासून ही मर्यादा आहे. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. घरातल्या घरात किंवा वारसाच्या नावे करताना अधिमूल्य नाहीच. 'ऐच्छिक देणगी', 'विकास निधी' अशी गोंडस नावं देऊन जास्तीचं मागतात. आम्हालाही मागितली. मी म्हटलं, "ऐच्छिक आहे ना? मग माझी इच्छा नाही, असं लिहून देते." तीन आठवडे पत्र अडलं. मी लेखी अर्ज टपालाने पाठवला, पोचपावती ठेवली, खाली 'प्रत: उपनिबंधक, सहकारी संस्था' एवढीच ओळ टाकली. चौथ्या आठवड्यात पत्र आलं.

घेणाऱ्याने सभासदत्वाचा अर्ज रीतसर दिल्यावर सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळाल्यासारखंच धरलं जातं. म्हणून अर्जाची पोच हवीच.

सोसायटीकडून आणखी विचारा: थकबाकी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का, जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे सोसायटीच्या नावे हस्तांतर, झालंय का. मिळकतपत्रिकेवर अजून बिल्डरचं नाव असेल तर पुनर्विकासाच्या वेळी घोळ होतो. पार्किंग मात्र नीट बघा. उघडं किंवा स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला सुटं विकताच येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलंय. म्हणून विकणारा "पार्किंगचे वेगळे तीन लाख" म्हणाला तर सोसायटीचं वाटपपत्र मागा. ते नसेल तर तुम्ही फक्त पिवळा रंग विकत घेताय.

कुलमुखत्यारपत्रावर घर घ्यावं का

मुखत्यारपत्राने घराची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठणकावून सांगितलंय. मालकाच्या वतीने सही करायला मुखत्यार चालतो, पण मालक जिवंत असेपर्यंतच. बँकेत असताना एक फाईल आली होती. मुलगा वडिलांचा मुखत्यार, वडील परदेशात. कागद नीट होते. मी सहज म्हटलं, वडिलांशी बोलायला मिळेल का? मुलगा गप्प झाला. वडील दोन महिन्यांपूर्वीच गेले होते. त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला वाटलं मुखत्यारपत्र आहे म्हणजे काम होईल. नोंदणीच्या वेळी मुखत्याराला 'मुखत्यार देणारा हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही' असं घोषणापत्र द्यावं लागतं. त्या पोराने ते दिलं असतं तर अकारण गुन्ह्यात अडकला असता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दस्ताच्या दिवशी मूळ मालकाला व्हिडिओ कॉल लावा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित हवं, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला हवा.

गोव्यात घर घ्यायची हौस हल्ली पुणेकरांना फार. तिथे एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. गोव्याच्या नागरी कायद्यात, वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. त्यामुळे कागदावर एकाचंच नाव दिसलं तरी विक्रीच्या दस्तावर दोघांची सही लागते. नवऱ्याने एकट्याने करून दिलेला दस्त घेऊन परत येऊ नका.

नवीन बांधकामाबद्दल थोडक्यात. महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून प्रकल्पाचे दावे आणि मंजुऱ्या वाचा. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती मागताच येत नाही. ताबा मिळाल्यावर पाच वर्षं बांधकामातले दोष त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात. बाथरूमची गळती सहाव्या वर्षी नका सांगू.

दस्ताच्या दिवशी आणि नंतर

निबंधक कार्यालयात जाण्याआधी ऑनलाइन भरलेल्या माहितीची छापील प्रत घरी बसून मोठ्याने वाचा, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचं. फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा. इथे 'बी-७'चं 'बी-१' झालं तर पुढे चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो. दोन ओळखदार, सगळ्यांचे मूळ आधार आणि पॅन सोबत. तिथे फोटो, अंगठा, आणि अधिकारी विचारतात, "व्यवहार मान्य आहे ना? पैसे मिळाले?" विकणाऱ्याने पैसे खरोखर मिळाल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही. मोबाइलवर मेसेज येईपर्यंत बाकावर बसून राहायचं, मागची रांग कितीही चुळबूळ करू दे. आमच्या वेळी वन्संचा मेसेज यायला चाळीस मिनिटं लागली, आणि त्यांनी ती पर्समधला चष्मा पुसण्यात घालवली.

त्यानंतर ताबा पावती, किल्ल्या, इंडेक्स टू. शेअर सर्टिफिकेटवर नवं नाव. मग महावितरणचं मीटर आणि महापालिकेची घरपट्टी, ही दोन कामं घेणाऱ्याने स्वतः अर्ज करून करायची. दस्त झाला म्हणजे ती आपोआप होतील अशा भरवशावर बसू नये. आमचं घर घेतलेल्या गृहस्थांना मी हे तेव्हाच बजावलं होतं. परवा त्यांनी घरपट्टीच्या बिलाचा फोटो पाठवला. वर नाव अजून सासूबाईंचं. खाली त्यांनी लिहिलं होतं, "काकू, अर्ज कुठे द्यायचा म्हणालात?"